दुसरा बेला

जुई, ये अशी, जवळ ये. म्हणजे कागद जवळ घे; तू पुण्यात अन मी अमरावतीत, आणखी जवळ येणार तरी कशी? पण आधी दोन शब्द ऐकून घे. तुझ्या आईचं पत्र आलंय. पोरीनं व्हायोलिनची पेटी कपाटावर टाकून दिली, आठ दिवस झाले हात लावत नाही. कारण काय, तर कॉलेजच्या वाद्यवृंदात तिला पहिल्या व्हायोलिनऐवजी दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसवलं. शोभतं का हे तुला? मी तुझ्या आजोबांची थोरली बहीण. मी जन्मभर काय वाजवलं हे घरात तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. बरं, ती त्यांची चूक, तुझी नाही. मीच सांगते. मास्तरांचं, माझ्या गुरूंचं सांगते, त्यात माझं आपोआप येईल.

मास्तर आमच्या मोटेवर आपला बेला, म्हणजे व्हायोलिन, लावायचे. खोटं नाही सांगत. अमरावतीला परकोटाबाहेर आमचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती. माझं शेवंता हे नावसुद्धा त्यातूनच आलं. मळ्याच्या बांधाला लागून एक खोली होती, तिथे मास्तर भाड्यानं राहायला आले. विहिरीवर मोट चाले. बैल उतरणीला लागले की तिचं लाकडी चाक कुरकुरायचं, अगदी एकाच लांब सुरात. दुसरा कुणी असता तर भांडायला आला असता. मास्तर महिनाभर बोललेच नाहीत. चाक काही आपल्या सुरात येत नाही म्हटल्यावर त्यांनीच तारा थोड्या उतरवल्या, चाकाचा सूर तो आपला सा धरला, अन सुखानं वाजवत बसले.

मग एके दिवशी बाबांनी चाकाला तेल घातलं. दुपारी मास्तर हातात बेला वाजवायचा गज घेऊन धावत आले, चेहरा उतरलेला.

"किसनभाऊ, तुमचा सा कोठी गेला?"

बाबांना वाटलं चोरी झाली. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं अन म्हणाले, "बैल तं दोन्ही हायेत, मास्तर."

ही त्यांची आमची ओळख. पुढे बाबा तेल घालायचे तर आधी मास्तरांना विचारून यायचे.

व्हायोलिनला आमच्याकडे तेव्हा लोक फिडल म्हणत; मास्तर मात्र बेला म्हणत. ते मूळचे अकोटचे. नाटक कंपनीबरोबर फिरून शिकले, मग मूकपट दाखवायचे त्या थेटरात पडद्यासमोर खुर्चीवर बसून वाजवायचे. पडद्यावर घोडा धावला की बेला धावायचा, नायिका रडली की बेला रडायचा. मग बोलपट आले अन वाजवणाऱ्यांना घरी पाठवलं. मास्तरांना त्याचं कधी कडू वाटलं नाही. म्हणायचे, "पडदाच बोलून राहिला, तं आमी काहून मधात बोलावं?"

त्यांचा एक शब्द होता, खोली. "आज खोली आहे," म्हणजे आज चौघं मिळून वाजवणार. दोन बेले, एक दिलरुबा, एक तबला. अन ऐकणारे तितकेच, जितके गुडघ्याला गुडघा लावून एका खोलीत मावतील. लग्नाच्या मंडपात वाजवायला बोलावणं आलं तर ते हात जोडायचे. "मंडपात लोक जेवाले येते, खोलीत ऐकाले येते." दिलरुबा वाजवायचे हकीमसाहेब, ज्यांच्या दवाखान्यात रोग्यापेक्षा गवई जास्त बसलेले असत. तबल्यावर भिकाजी, तो कापसाच्या जिनात बॉयलरवर होता अन दिवसभरात दहा शब्द बोलायचा. दुसरा बेला पोस्टातले एक बाबू वाजवत. त्यांची बदली जबलपूरला झाली अन ती जागा रिकामी पडली. या जागेची आठवण ठेव, पुढे लागेल.

मास्तरांची आणखी एक गंमत म्हणजे त्यांची शिंक. एक कधी यायची नाही, सात यायच्या. कापसाची धूळ नाकात गेली की संपलं. सातवी होईपर्यंत माणूस कामातून गेलेला. आमच्या मळ्यातले गडी मोजायचे, अन सहावर थांबल्यासारखं वाटलं तर सगळे हातातलं काम टाकून सातवीची वाट पाहायचे. वऱ्हाडात राहायचं अन कापसाची शिंक, म्हणजे पाहा. त्यांचा भाऊ अकोटला सरकीचा व्यापार करायचा. थेटर सुटल्यापासून तो निरोप पाठवत होता, की ये, गादीवर बस. मास्तर म्हणायचे, "तेथी गेलो तं उरलेलं आयुष्य मी शिंकण्यातच काढीन."

आता मी त्यांच्या हाती कशी लागले ते ऐक. दुपारी आमची आत्या हार गुंफत बसायची अन गुंफता गुंफता कहाणी सांगायची. ती सांगणार अन मी "हुं" म्हणणार. हुंकार दिला नाही तर आत्या थांबायची. तिचं म्हणणं, हुंकार नाही म्हणजे ऐकणारा झोपला, मग सांगायचं कुणाला? एके दिवशी मास्तर बांधावर उभे राहून ऐकत होते. नंतर बाबांना म्हणाले, "किसनभाऊ, तुमची पोट्टी मोटेच्या सुरात हुंकार देते. तिचं तिलेही ठाव नाई. तिले माह्याकडे पाठवा." तेव्हा मी अकरा वर्षांची. बाबा हसले. आत्या म्हणाली, जाऊ दे, तेवढा वेळ झाडावर तरी चढणार नाही. अशी माझी शिकवणी लागली.

दोन महिने त्यांनी मला बेला दिलाच नाही. ते वाजवायचे अन मी समोर बसून हुंकार द्यायचा. कुठे द्यायचा, किती लांब, किती हळू, एवढंच. म्हणायचे, "पहिला कहाणी सांगते. दुसरा हुंकार देते. हुंकार चुकला तं कहाणी सांगणारा रस्ता इसरते." मग हातात बेला आला. चुकलं असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आम्ही भाजीवाले, म्हणून माझ्यापुरती त्यांनी वेगळी भाषा केली होती. सूर बिघडला की म्हणायचे, "हे वांगं किडकं निघालं शेवंते, दुसरं घे." अन जमलं की नुसते "हं, भरताचं हाय," म्हणायचे. भरताचं वांगं म्हणजे मोठं, आतून स्वच्छ. तीन वर्षांत मला ते चार-पाच वेळा मिळालं असेल.

मी चौदाची झाले त्या हिवाळ्यात अकोल्याहून बोलावणं आलं. जठारपेठेतले एक वकील होते, गाण्याचे वेडे. त्यांनी कळवलं, रविवारी संध्याकाळी आमच्याकडे खोली करा. ऐकून समाधान झालं तर आमची अन शेजारची अशी पाच घरची मुलं दर आठवड्याला तुमच्याकडे शिकतील. मास्तरांच्या दृष्टीनं यावर सगळंच अवलंबून होतं. हे जमलं तर बेला हातात राहणार, नाही तर अकोट अन सरकी. अन जमायला दुसरा बेला हवा, पोस्टातले बाबू तर जबलपूरला. मास्तरांनी ठरवलं, शेवंताला घ्यायचं. सोमवारी भिकाजी घरी जायला निघाला तेव्हा त्याला म्हणाले, जाता जाता मळ्यात सांगून जा, शेवंताला दुसरा बेला म्हणून घेतो, रविवारी अकोल्याला नेतो, घरच्यांची हरकत नाही ना विचार.

भिकाजी आमच्या दारात उभा राहिला अन त्यानं निरोप दिला. "मास्तरनं सांगतलं, शेवंताले दुसरी म्हणून घेतो. ऐतवारी अकोल्याले नेतो. हो का नाई ते सांगा." पाणी प्याला अन गेला.

तुला हसू येईल, पण त्या काळी बायको गेलेल्या पुरुषाला मुलगी द्यायची तर दुसरेपणावर दिली म्हणत. मास्तरांची बायको वारून चार वर्षं झाली होती. ते अडतिसाचे अन मी चौदाची, असं लग्न काही जगावेगळं नव्हतं. माझ्याबरोबर झेंडू तोडणारी एक मैत्रीण त्याच वर्षी पंचेचाळिशीच्या माणसाला दिली होती. अन आमची आत्या स्वतः तेराव्या वर्षी दुसरेपणावर दिलेली. पहिलीची तीन मुलं वाढवली, विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे परत आली. तेव्हा भिकाजी पाणी पिऊन गेल्यावर आमच्या घरात काय झालं असेल, ते तूच समज.

मला कुणी काही सांगितलं नाही. मुलींना कुठे काय सांगायची रीत होती? आत्यानं माझा बेला फडक्यात गुंडाळला, तुरीच्या डाळीच्या कोठीत खुपसला, वर झाकण ठेवलं अन झाकणावर पाट टाकून बसली. मास्तरांचं नाव काढायचं नाही, बांधाकडे जायचं नाही. मला वाटलं, माझाच काही गुन्हा झाला, मास्तरांनी मला काढून टाकलं. मी परसात बसून रविवारसाठी रडले. अकोल्याला बोलावणं आहे एवढं मला ठाऊक होतं, अन त्या जागेची आस मी मनातल्या मनात धरलीच होती.

बाबांनी भिकाजीबरोबर उलट निरोप पाठवला, की आमी पोरगी दुसरेपणावर देत नाही. मास्तरांना वाटलं, यांना दुसऱ्या बेल्याचा कमीपणा वाटतो. म्हणजे बघ, तुझ्यासारखाच. त्यांनी समजूत घातली. यावेळी भिकाजीनं एकही शब्द गाळला नाही. "मास्तर म्हणते, राग नोका धरू. आत्ता दुसरीच. पहिली व्हाले तिले दहा वर्षं लागतीन, अन मी हातपाय धड असेतोवर पहिली जागा रिकामी नाई."

बाबांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. काम चालू असताना बाबांनी जुडी खाली ठेवलेली मी आधी एकदाच पाहिली होती, मोटेचा दोर तुटला तेव्हा.

शुक्रवारी सकाळी मास्तर स्वतः आले. मी तीन दिवस गेले नव्हते, म्हणून त्यांना वाटलं ताप आला. हातात माझ्यासाठी राळेचा नवा खडा होता, गजाला घासायचा. आत्या कोठीवरून उठली नाही.

"मास्तर, तुमचं वय काय?"

"अडतीस."

"अन पोरीचं?"

"चौदा असन. पण आत्याबाई, बेल्याले वयाचं काई नसते."

"बेल्याले नसते, बाईले असते," आत्या म्हणाली. "मले तेराव्या वर्षी दुसरी म्हणून नेलं होतं. कोणी इचारलं नाई. हिले मी नेऊ देत नाई."

मास्तरांनी राळेचा खडा या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांच्या ध्यानात आलं. जुई, माणूस इतका लाल झालेला मी पुन्हा पाहिला नाही. मागे झेंडूचा ढीग होता, त्यावर ते चक्क बसले.

"माह्या घरात पहिलीची जागा भरेल हाय, आत्याबाई," ते खाली पाहून म्हणाले. "रिद्धपूरची होती. तिचा कुंकवाचा करंडा अजून आरशासमोर हाय, म्या जागचा हलवला नाई." अन मान वर करून, "दुसरा बेला मनलं होतं मी. बेला."

"तं बेला मनावं लागते."

"मी मनलं होतं. भिकाजीनं खाल्ला. थो शब्द वाचवते अन सारे तबल्यात खर्च करते."

आत दाराआड मी तोंडात पदर कोंबून उभी होते. तेव्हा कुठे मला सगळा प्रकार कळला. बाबा तर मोटेकडे निघूनच गेले, लाजेनं.

पण आत्या अशी सुटणारी नव्हती. तिला दुसरा बेला म्हणजे काय ते पाहायचं होतं. पाट बाजूला झाला, कोठी उघडली, बेला बाहेर आला तो पोटात डाळ घेऊन. हलवून हलवून काढली, तरी एक दाणा आत राहिलाच. मास्तर म्हणाले, वाजव तुझी बाजू. मोट चालू होती, तिच्या सुरावर मी तारा लावल्या अन वाजवायला लागले. दोन लांब सूर, एक आखूड, थांबणं, परत दोन.

"हे तं नुसतं हुं हुं हाय," आत्या म्हणाली.

"व्हय. कहाणी आता येते," म्हणून मास्तरांनी खोलीतून आपला बेला आणला अन माझ्या हुंकारावर कहाणी सांगायला सुरुवात केली. भूपाची ती चीज मी शंभरदा ऐकली होती, पण आत्याकडे पाहत कधी ऐकली नव्हती. हार गुंफायचे तिचे हात थांबले होते. झाल्यावर ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. दोरा आधीच ओवलेला होता.

मग म्हणाली, "अशी दुसरी असन तं न्या. पण मी संग येईन."

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही रविवारी अकोल्याला पोचलो; मास्तर, हकीमसाहेब, भिकाजी, मी, आत्या अन आत्याच्या मांडीवर वकिलीणबाईंसाठी शेवंतीची वेणी. कापसाचे दिवस. जिनाकडे चाललेल्या बैलबंड्यांची रांग लागली होती, वाऱ्यावर रुईचे तंतू उडत होते. मास्तरांनी स्टेशनापासून जठारपेठेपर्यंत उपरणं नाकाला धरलं. वकिलांच्या दिवाणखान्यात पंचवीसेक माणसं बसली होती. मी घासलेल्या गजालाच परत राळ घासायला लागले. मास्तरांनी मान वळवली अन एवढंच म्हणाले, "मोट चालू हाय, शेवंते."

सगळं छान चाललं होतं. अन मधोमध, चीज अगदी रंगात आलेली असताना, मला मास्तरांच्या नाकपुड्या फुलताना दिसल्या. त्यांनी गज उचलला, बेला मांडीवर ठेवला, उपरणं तोंडावर धरलं. सात. आता सात होणार, अन तोवर कहाणी सांगणारा कुणी नाही. हकीमसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला दुसरं काहीच येत नव्हतं. मी हुंकार देत राहिले. दोन लांब, एक आखूड, थांबणं. भिकाजीनं ठेका इतका हळू केला की त्याची बोटं दिसत होती, ऐकू येत नव्हती. दिलरुबा माझ्या सुराखाली येऊन टेकला. उपरण्यामागे मास्तरांचे खांदे हलत होते, मी मोजत होते. सातवी झाली. मास्तरांनी डोळे पुसले, बेला उचलला अन सोडलेल्या जागेवरच पुन्हा पाऊल ठेवलं.

शेवटी वकील पुढे येऊन म्हणाले, मास्तर, मधे तुम्ही थांबलात अन नुसतं दुसरं व्हायोलिन बोलू दिलंत, ती जागा फार सुंदर बांधली आहे. मास्तरांनी नाक पुसलं. "ती जागा हिची हाय," ते म्हणाले. शिंकेचं वकिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

परतीच्या गाडीत आत्या डुलक्या घेत होती. मास्तर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी शिंकलो तवा घर उघडं नाई पडलं. दुसऱ्याचं काम तेच असते." मग बऱ्याच वेळानं, "भरताचं हाय." मला एवढं पुरे होतं. आजही पुरतं.

अकोटला जाणं टळलं. दर आठवड्याला मास्तर अकोल्याला जाऊ लागले, पाच घरांची बारा घरं झाली, अन दोन वर्षांनी लहान मुलं माझ्याकडे सोपवली. माझं लग्न जठारपेठेतच झालं. स्थळ पाहायला गेलो तेव्हा आत्यानं नाव-गाव विचारायच्या आधी नवऱ्या मुलाला विचारलं, "पहिलाच ना?" तो बिचारा शाळामास्तर, घाबरून म्हणाला, वर्गात दुसरा आलो होतो. आत्याला तो तिथेच पसंत पडला. त्यानं आमची पुढची खोली खोलीसाठी सोडली. वीस वर्षं तिथे मी दुसरा बेला वाजवला अन सकाळ-संध्याकाळ मुलं शिकवली. एकदाही वाटलं नाही, की मी मागे बसले आहे.

मग मास्तरांच्या डाव्या हाताची करंगळी आखडली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला सुरांवरून कळत होतं. वांगी किडकी निघायला लागली होती, अन ते स्वतःच मनात मोजत असावेत. एका संध्याकाळी खोलीच्या आधी दारातच उभे राहिले, आत येईनात. जोडे काढले होते, बेला छातीशी धरलेला.

"शेवंते, तुह्या खोलीत मले दुसरा घेशीन काय?"

मी दारातून बाजूला झाले. आत्या तेव्हा म्हातारी होऊन माझ्याकडे राहायला आलेली. कोपऱ्यात डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घे व. मास्तर बिचारे शेवटी दुसरेपणावर आले."

मास्तर इतके हसले, की त्यांना शिंक आली. सातही. आम्ही मोजल्या.

पुढची सहा वर्षं मी पहिला वाजवला अन मास्तरांनी दुसरा. माझ्या मागे ते असे असायचे, की मी विसरले तरी रस्ता विसरायचा नाही. दुसरा बेला म्हणजे काय, ते मला तेव्हा पुरतं कळलं, पहिल्या जागेवर बसून. मग एका दिवाळीला मास्तर भावाकडे अकोटला गेले, तिथेच झोपेत गेले. त्यांच्या वहिनी सांगत होत्या, त्या आठवड्यात एकदाही शिंकले नाहीत. त्यांचा बेला भावानं माझ्याकडे पाठवला. पेटीत तो करंडाही होता, मखमलीत गुंडाळलेला. तो मी जागचा हलवलेला नाही.

माझे यजमान गेल्यानंतर मी परत अमरावतीला आले. मळ्यात आता मोट नाही, पंप आहे, अन तो कुठल्याच सुरात नाही. पण मी तारा लावते तेव्हा हात आपोआप थोड्या उतरवतो.

तर जुई, तुझी पेटी कपाटावर राहायची असेल तर राहू दे. इथे दोन बेले आहेत. मास्तरांचा तू घे अन पहिला वाजव, कहाणी तुझी. दुसरा मी वाजवते. माझ्या बेल्यात तुरीचा तो दाणा अजून वाजतो, तेवढं ऐकून सोडून दे. तुला राग आला, थांबावंसं वाटलं, तर खुशाल थांब. मी चालू ठेवीन. संत्री उतरायला आली आहेत, थंडी छान पडली आहे. या शनिवारी निघ, अन येताना आईलाही घेऊन ये. तिला हुंकार द्यायला बसवू.